तिसरा माणूस कोण? हजरत ईसांच्या दाखल्यांची गोष्ट

बी.एड.च्या वर्षी सराव पाठासाठी मी एक गोष्ट निवडली होती. एक माणूस रस्त्याने चाललेला असतो. चोर त्याला लुटतात, मारतात आणि अर्धमेला करून टाकून जातात. त्या वाटेने एक धर्मगुरू येतो, पाहतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो. मंदिराचा एक सेवक येतो, तोही तसाच जातो. मग तिसरा माणूस येतो. तो थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला सरायीत नेतो. सकाळी सरायवाल्याच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि सांगतो की याला सांभाळ, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन.

पाठटाचणात मी उद्दिष्ट लिहिले, 'विद्यार्थ्यांमध्ये परोपकाराची भावना रुजवणे.' फळ्यावर तात्पर्य लिहिले, 'संकटात सापडलेल्यांना मदत करावी.' पाठ छान झाला, शेराही चांगला मिळाला. फक्त शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तो तिसरा माणूस शोमरोनी होता म्हणता, तर शोमरोनी म्हणजे कोण?" तास संपायला दोन मिनिटे होती. "त्या भागातले लोक," एवढे म्हणून मी पुस्तक मिटले.

आज वीसेक वर्षांनी वाटते, अख्खी गोष्ट त्या मुलीच्या प्रश्नात होती. मी नेमकी तीच वगळून शिकवली आणि वर चांगला शेरा घेऊन आलो.

ही गोष्ट हजरत ईसा (अलै.) यांनी सांगितलेली. ख्रिस्ती बांधव त्यांना येशू म्हणतात. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ती आहे. त्यांच्या आणि आमच्या श्रद्धेत फरक आहे. आम्ही हजरत ईसांना अल्लाहचे थोर प्रेषित मानतो, ते त्याहून वेगळे मानतात. त्या वादात मी आज पडत नाही. मी शिक्षक आहे आणि मला एका शिक्षकाच्या पद्धतीबद्दल लिहायचे आहे. लोकांना शिकवताना त्या शिक्षकाने गोष्टच का निवडली? आणि त्या गोष्टींचे पुढे काय झाले?

माशाल, मसल, मिसाल

उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला शब्दांची मुळे शोधायची खोड लागते. मराठी बायबल वाचणारे या गोष्टींना 'दाखला' किंवा 'दृष्टांत' म्हणतात. शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. तिथे शब्द आहे 'पाराबोले', म्हणजे एका वस्तूशेजारी दुसरी वस्तू ठेवणे. पण हजरत ईसा ग्रीकमध्ये शिकवत नव्हते. त्यांची बोली आरामी होती. हिब्रूत अशा गोष्टीला 'माशाल' म्हणतात, आरामीत 'मथला', अरबीत 'मसल' आणि तिचे अनेकवचन 'अमसाल'. उर्दूत आपण रोज 'मिसाल' आणि 'मसलन' म्हणतो, ते याच कुळातले शब्द. म्हणजे गालीलच्या सरोवराकाठी बसलेल्या कोळ्याने जो शब्द ऐकला असेल, त्याचा चुलतभाऊ आपल्या मोहल्ल्यात आजही बोलला जातो.

ही पद्धत त्यांच्यापासून सुरू झालेली नाही. बनी इस्राईलमध्ये ती जुनीच होती. बायबलात नाथान नावाचे प्रेषित हजरत दाऊद (अलै.) यांच्याकडे येतात आणि एका श्रीमंताची गोष्ट सांगतात. त्याच्याकडे पुष्कळ मेंढरे असतात, तरी पाहुण्यासाठी तो गरिबाची एकुलती एक मेंढी कापतो. दाऊद संतापून त्या श्रीमंताला शिक्षा सुनावतात, आणि मग कळते की गोष्ट त्यांचीच होती. कुरआनमध्ये सूरह सॉदमध्येही दोन भांडणारे हजरत दाऊद यांच्यासमोर येतात. एकाकडे ९९ मेंढ्या, दुसऱ्याकडे एकच, आणि ९९ वाला ती एकही मागतो आहे. निवाडा देता देता दाऊद यांच्या लक्षात येते की ही आपली परीक्षा होती. बायबलने या प्रसंगाला जी पार्श्वभूमी दिली आहे, ती मुस्लिम भाष्यकार सहसा मान्य करत नाहीत, कारण ती प्रेषिताच्या इभ्रतीला शोभणारी नाही. पण गोष्टीची रीत दोन्हीकडे सारखी आहे. ऐकणारा दुसऱ्याचा निवाडा करायला बसतो आणि त्याला आपलाच चेहरा दिसतो.

राजाला तोंडावर सुनावणे अवघड असते. गोष्टीत त्याला आधी न्यायाधीश करता येते. एकदा का त्याने न्याय दिला की मग त्याला मागे फिरता येत नाही.

गालीलची माती

मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत मिळून हजरत ईसांचे तीस ते चाळीस दाखले आहेत. कशाला दाखला म्हणायचे आणि कशाला साधी उपमा, यावर आकडा बदलतो. चौथ्या, म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानात अशा गोष्टी जवळजवळ नाहीत.

त्यांत राक्षस किंवा बोलणारे प्राणी नाहीत. पेरणी करणारा शेतकरी आहे, ज्याचे काही बी वाटेवर, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत पडते. पिठात खमीर मिसळणारी बाई आहे. दहा नाण्यांतले एक हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी बाई आहे. शंभरातले एक मेंढरू शोधायला निघालेला मेंढपाळ आहे. नाक्यावर काम मिळण्याची वाट पाहत उभे राहिलेले मजूर आहेत. कर्जदार, कारभारी, खंडकरी, वारस, भाऊभाऊ आहेत. पहिल्या शतकातल्या गालीलचा संसारच यात आला आहे.

आणि हिशोबही आला आहे. मजुराचा एका दिवसाचा रोज म्हणजे एक दीनार. हे रोमन चांदीचे नाणे, लॅटिनमध्ये 'देनारियुस'. अरबी दीनार याच नावावरून आला, आणि दिरहम ग्रीक 'द्राख्मा'वरून. दोन्ही शब्द कुरआनमध्ये आहेत. एका दाखल्यात एका चाकराचे धन्याकडे १०,००० तालांत देणे असते. तो गयावया करतो आणि धनी सगळे कर्ज माफ करतो. बाहेर पडताच त्याला दुसरा चाकर भेटतो, जो याचे १०० दीनार लागतो. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

आपण वाचताना हे आकडे सोडून देतो. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार. १०,००० तालांत म्हणजे ६ कोटी दीनार, अर्थात मजुराचे ६ कोटी दिवस. वर्षाला ३०० दिवस काम धरले तरी दोन लाख वर्षे. इतिहासकार योसेफस सांगतो की गालील आणि पेरिया या दोन प्रांतांतून हेरोद अंतिपासला वर्षाला २०० तालांत महसूल मिळत असे. म्हणजे त्या चाकराचे कर्ज अख्ख्या राज्याच्या ५० वर्षांच्या महसुलाएवढे! ऐकणारे हा आकडा ऐकून हसले असतील. आणि हसता हसता १०० दीनारांपाशी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या रोजच्या देण्याघेण्यापाशी, येऊन थबकले असतील. मला माफ झालेले आणि मी माफ न केलेले यांत सहा लाख पटींचा फरक आहे, हे सांगायला आणखी प्रवचन लागत नाही.

या गोष्टी निरुपद्रवी नव्हत्या, हेही लक्षात घ्यावे. याच अंतिपासने हजरत यहया (अलै.) यांना ठार केले होते. सरळ बोलण्याची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. येरुशलेममध्ये द्राक्षमळ्याच्या दुष्ट खंडकऱ्यांचा दाखला सांगितला, तेव्हा तिथल्या धर्मपुढाऱ्यांना कळले की हा आपल्यावरच आहे, आणि ते पकडायला टपले, असे मार्क लिहितो. हाच मार्क आणखी एक बुचकळ्यात पाडणारी गोष्ट नोंदवतो. शिष्य विचारतात की तुम्ही दाखल्यांतून का बोलता, तेव्हा उत्तराचा भाव असा असतो की बाहेरच्यांनी पाहावे पण त्यांना दिसू नये, ऐकावे पण उमजू नये. या वाक्यावर ख्रिस्ती पंडितांनी शतकानुशतके डोके खाजवले आहे. मला शिक्षक म्हणून त्याचा एक अर्थ लागतो. गोष्ट सगळ्यांनाच ऐकू येते, पण जो तिच्यात स्वतःला उभे करायला तयार नाही, त्याच्यासाठी ती नुसती गोष्ट राहते. सराव पाठात माझे तेच झाले होते.

तर शोमरोनी म्हणजे कोण?

त्या मुलीला मी आज असे उत्तर देईन.

शोमरोनी हे कुणी दूरदेशीचे परके नव्हते. तेही हजरत मूसांना मानत, तेही तौरात वाचत, खतना करत, शब्बाथ पाळत. वाद जागेचा होता. यहुद्यांचे मंदिर येरुशलेममध्ये, शोमरोन्यांचे पवित्र स्थान गरिज्जीम डोंगरावर. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हिर्कानुस याने गरिज्जीमवरचे मंदिर पाडले. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला, ऐन वल्हांडणाच्या सणात, काही शोमरोन्यांनी येरुशलेमच्या मंदिरात माणसांची हाडे विखरून ते विटाळले, अशी नोंद योसेफसने केली आहे. पाडलेले प्रार्थनास्थळ, विटाळलेले प्रार्थनास्थळ, आणि त्यांच्या आठवणीवर वाढलेल्या पिढ्या. आपल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हा समाज संपलेला नाही. आजही तो नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर आणि इस्राईलमधल्या होलोन गावात राहतो. एकूण वस्ती हजाराच्याही आत आहे.

आता प्रसंग पाहू. एक शास्त्री हजरत ईसांना विचारतो की अनंत जीवनासाठी काय करू. बोलता बोलता शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा निघते. त्यावर तो शास्त्री पुढचा प्रश्न टाकतो, माझा शेजारी कोण? प्रश्न वकिली आहे. शेजाऱ्याची हद्द ठरवून द्या, म्हणजे त्या हद्दीबाहेर माझी जबाबदारी नाही. उत्तरादाखल ही गोष्ट येते. येरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता. येरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली. वाळवंटी घाटातून २५-३० किलोमीटरची ती उतरण लुटारूंसाठी सोयीची होती.

याजक आला, लेवी आला. त्या काळच्या यहुदी समाजाची उतरंड 'याजक, लेवी आणि सामान्य इस्राईली' अशी सांगितली जाई. म्हणून तिसरा कोण येणार, हे ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात ठरवले असणार. आता आपल्यातलाच एक साधा माणूस येईल, मोठ्यांनी जे केले नाही ते करेल. लोकांना अशी गोष्ट आवडते. आणि तिथे शोमरोनी येतो.

शेवटी हजरत ईसा प्रश्न उलटवतात. शेजारी कोण, हा शास्त्र्याचा प्रश्न होता. ते विचारतात, या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? शास्त्री 'शोमरोनी' हा शब्द उच्चारत नाही. ज्याने दया केली तो, एवढेच म्हणतो. गोष्ट खरी ठरली, पण ते नाव जिभेवर येईना.

म्हणजे ऐकणाऱ्याची जागा मुळी त्या शोमरोन्याची नव्हतीच. त्याची जागा होती रस्त्यात पडलेल्या माणसाची. ज्याच्या हातचे पाणीही नको, त्याने माझ्या जखमा बांधल्या. आता मी काय करू? 'संकटात सापडलेल्यांना मदत करावी' या माझ्या तात्पर्यात हा प्रश्न कुठेच नव्हता.

अर्थ लावणाऱ्यांच्या हाती

गोष्ट सांगणारा गेल्यावर ती अर्थ लावणाऱ्यांच्या हाती पडते. अभ्यासकांच्या मते ही शुभवर्तमाने पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सांगणारा निघून गेल्यावर काही दशकांनी लिहून झाली. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ जमिनीत पुरलेली कॉप्टिक हस्तलिखिते सापडली. त्यांतल्या 'थोमाच्या शुभवर्तमाना'त पेरणाऱ्याचा दाखला आहे, पण त्याचे जे स्पष्टीकरण मार्क आणि मत्तय देतात, ते तिथे नाही. नुसती गोष्ट आहे.

चर्चच्या विद्वानांना नुसती गोष्ट पुरेना. उत्तर आफ्रिकेतला हिप्पोचा बिशप संत ऑगस्टिन (३५४-४३०) याने शोमरोन्याच्या दाखल्याचा एक एक धागा उकलला. जखमी माणूस म्हणजे आदम. येरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगर. यरीहो म्हणजे चंद्र, म्हणून मर्त्यपणा, कारण हिब्रूत ते नाव चंद्राच्या शब्दाशी जुळते. लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे साथीदार. शोमरोनी म्हणजे खुद्द ख्रिस्त. सराय म्हणजे चर्च आणि सरायवाला म्हणजे संत पौल! ऑगस्टिनच्या आधी तिसऱ्या शतकात ओरिजेननेही साधारण असाच अर्थ नोंदवला होता. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलात तेराव्या शतकाच्या सुरुवातीची रंगीत काचेची एक उंच खिडकी आहे. तिच्यात शोमरोन्याची गोष्ट आणि आदम-हव्वाची गोष्ट एकाखाली एक जोडलेली आहे. खिडकीसाठी पैसे दिले चांभारांनी, आणि तळाशी त्यांचीही चित्रे आहेत.

हे वाचताना आधी मला हसू आले. मग वाटले, हसण्यासारखे काय आहे? श्रद्धावंत माणूस आपल्या आवडत्या गोष्टीत आपली सगळी श्रद्धा भरतो. आपल्याकडेही असे झालेच आहे. पण एक तोटा झाला खरा. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, असे ठरल्यावर तो शोमरोनी उरला नाही. ज्या माणसाचे नाव घ्यायला शास्त्र्याची जीभ अडली, त्याचा परकेपणाच पुसला गेला. सोळाव्या शतकात काल्विनने असे अर्थ लावणे नाकारले. पुढे १८८८ साली जर्मनीच्या आडोल्फ युलिखरने दाखल्यांवर मोठा ग्रंथ लिहून सांगितले की दाखल्याचा प्रत्येक तपशील गुप्त संकेत नसतो, त्यात एकच मुख्य मुद्दा असतो. त्यानंतर वेल्श अभ्यासक सी. एच. डॉड (१९३५) आणि जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास (१९४७) यांनी प्रत्येक दाखला पहिल्या शतकातल्या पॅलेस्टाइनच्या मातीत ठेवून वाचायला शिकवले. शोमरोनी पुन्हा शोमरोनी झाला.

एका नुक्त्याची करामत

दाखले एका धर्माच्या कुंपणात राहत नाहीत, याचा एक मजेदार पुरावा आहे. राजवाड्यात दुःखापासून लपवून ठेवलेल्या, पुढे म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून विरक्त झालेल्या राजपुत्राची कथा, म्हणजे गौतम बुद्धांची कथा, मध्य आशियातून आणि इराणातून अब्बासी काळात अरबीत आली. ग्रंथाचे नाव 'किताब बिलौहर व बूदासफ'. बूदासफ म्हणजे बोधिसत्त्व. त्यात बिलौहर नावाचा साधू राजपुत्राला गोष्टींमधून शिकवतो. त्या गोष्टींमध्ये आपला पेरणारा शेतकरीसुद्धा आहे, म्हणजे इन्जीलचा दाखला अरबी वेशात, बौद्ध राजपुत्राच्या कथेत!

अरबी लिपीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'बे'खाली एक नुक्ता, 'ये'खाली दोन. कुणा नक्कल करणाऱ्याच्या हातून एक नुक्ता वाढला आणि बूदासफचा यूदासफ झाला. अरबीतून ही कथा जॉर्जियन भाषेत गेली, तिथून ग्रीकमध्ये, लॅटिनमध्ये आणि मग युरोपभर. यूदासफचा 'योसाफात' झाला, तो ख्रिस्ती संत ठरला, आणि रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर ही तारीख बार्लाम आणि योसाफात यांच्या नावे लागली. बुद्ध असे ख्रिस्ती संतांमध्ये जाऊन बसले. वहीत नुक्ते विसरणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

या कथेचे एक टोक आपल्या महाराष्ट्रातही आहे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कुतो याने बुद्ध आणि योसाफात यांच्या कथांमधले साम्य ओळखले होते, आणि मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांशी त्याने योसाफातच्या कथेचा संबंध जोडला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच अरबी 'किताब बिलौहर'ची शिळाछापाची प्रत मुंबईतच निघाली.

आणि गोव्याचा विषय निघालाच आहे तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव घेतलेच पाहिजे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठी इतकी आत्मसात केली की ख्रिस्ताचे चरित्र त्याने सुमारे ११,००० ओव्यांत लिहिले. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. गालीलच्या शिक्षकाची कहाणी मराठी माणसाने ऐकली ती ओवीच्या लयीत.

आपल्या घरातले दाखले

मुस्लिम वाचकाला हे सगळे परके वाटू नये. कुरआन स्वतः सांगतो की अल्लाह लोकांसाठी मिसाली देतो, अगदी डासाचीही द्यायला संकोचत नाही. कोळ्याचे घर, मुळे घट्ट असलेले झाड, सात कणसे आणि प्रत्येक कणसात शंभर दाणे देणारे बी, या सगळ्या मिसाली आपण ऐकल्या आहेत. सूरह फतहच्या शेवटी तर इन्जीलचे नाव घेऊन, कोंब फुटून जाड होत जाणाऱ्या पिकाची उपमा दिली आहे. सुईच्या नेढ्यातून न जाणारा उंट बायबलात आहे, तसा सूरह आराफमध्येही आहे.

हदीसमध्ये तर साम्य आणखी ठळक आहे. मत्तयच्या दाखल्यात द्राक्षमळ्यात सकाळपासून राबणाऱ्याला आणि संध्याकाळी तासभर काम करणाऱ्याला सारखाच एक दीनार मिळतो आणि सकाळचे मजूर कुरकुरतात. सहीह बुखारीतल्या हदीसमध्येही मजुरांच्या तीन पाळ्या आहेत, दुपारपर्यंत, असरपर्यंत आणि सूर्यास्तापर्यंत. तिथे शेवटच्यांना दुप्पट मिळते आणि आधीचे तक्रार करतात. दोन्हीकडे मालकाचे उत्तर एकाच आशयाचे आहे. तुमच्या हक्काचे मी काही कमी केले का? उरलेले माझ्या मर्जीने दिले. आणि सहीह मुस्लिममधली ती हदीस, जिच्यात कयामतच्या दिवशी अल्लाह विचारेल की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला प्रसंग शेजारी ठेवून पाहा.

पण शोमरोन्याच्या जागी बसणारा आपला दाखला कोणता? मला वाटते, तहानेने जीभ काढून विहिरीभोवती फिरणाऱ्या कुत्र्याचा. आपल्या पायातल्या मोज्यात पाणी काढून त्याला पाजणारी बाई बनी इस्राईलमधली एक वेश्या होती, आणि त्या एका कामासाठी तिला क्षमा मिळाली, असे प्रेषित मुहम्मद (स.) सांगतात. इथे तर दोन तिरस्कार एकत्र आले आहेत, तिचा आणि कुत्र्याचा. आपण ही हदीस 'प्राण्यांवर दया करा' म्हणून मुलांना सांगतो. तात्पर्य खोटे नाही. पण ती बाई कोण होती, हे आपण हळूच गाळतो.

माझ्या मोहल्ल्यातला तिसरा माणूस

काही वर्षांपूर्वी एका सामाजिक सलोख्याच्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावले होते. मी ही गोष्ट आजच्या काळात आणून सांगितली. जखमी माणूस महामार्गावर पडला आहे, मोठमोठे लोक गाडीची काच वर करून निघून जातात, आणि तिसरा येतो तो दाढी-टोपीवाला, नाव ऐकून ज्याला भाड्याने घर मिळत नाही असा. टाळ्या पडल्या. मीही खूश झालो.

चहाच्या वेळी एक जुने सहकारी भेटले. निवृत्त मुख्याध्यापक, नगरकडचे ख्रिस्ती. म्हणाले, "सर, गोष्ट छान सांगितलीत. एक विचारू का? हीच गोष्ट तुमच्या मोहल्ल्यात सांगाल, तेव्हा तिसरा माणूस कोण असेल?"

मी काहीतरी हसून बोललो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न स्कूटरवर मागे बसून आला. माझ्या गोष्टीत खोटे काही नव्हते. घर नाकारले जाते, हे मी अनुभवले आहे. पण मी ती गोष्ट समोरच्यांना लाजवण्यासाठी वापरली होती. मूळ सांगणाऱ्याने ती आपल्याच माणसांना सांगितली होती, आणि नायक त्यांना नको असलेला निवडला होता. माझा नायक मीच होतो.

पुढच्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात मुलांच्या दीनी तालीमच्या वर्गात मला काही सांगायला सांगितले. मी तीच गोष्ट घेतली. शोमरोनी यहुद्यांना दूरचे नव्हते, जवळचे होते, तीच तौरात वाचणारे होते, हे मला आता माहीत होते. म्हणून माझ्या गोष्टीतला तिसरा माणूस दुसऱ्या मसलकचा निघाला. त्याच कलम्याचा, त्याच कुरआनचा, पण ज्याच्या मशिदीत आपण पाय ठेवत नाही, ज्याच्या सलामला जवाब द्यायचा की नाही यावर आपल्याकडे वाद होतात. मी त्या जमातीचे नावही घेतले.

टाळ्या पडल्या नाहीत. दोन मुलगे एकमेकांकडे पाहू लागले. मागे बसलेल्या एका बुजुर्गांनी घसा खाकरला. वर्ग संपल्यावर एक पालक म्हणाले, "सर, मिसाल द्यायचीच होती तर दुसरी द्यायची." मी म्हटले, "भाईजान, दुसरी दिली असती तर ती मिसाल राहिली नसती." त्यानंतर मला त्या वर्गात पुन्हा बोलावले गेले नाही.

पण निघताना नववीतला एक मुलगा दारापर्यंत आला. चपला घालता घालता त्याने हळूच विचारले, "सर, मग त्या जखमी माणसाने नंतर त्याला सलाम केला का?"

मी त्याला खरे तेच सांगितले. गोष्टीत ते लिहिलेले नाही.